अंगणातील मीटरगेज

परभणी जिल्ह्यातील पूर्णा हे गाव आगगाडीमुळे सर्वांना ठाऊक आहे. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग १९०० च्या सुमारास या प्रदेशातून गेला. पुढे अकोल्याकडचा मार्गही पूर्णेस येऊन मिळाला. हे दोन्ही मार्ग मीटरगेज होते, म्हणजे दोन रुळांमधील अंतर एक मीटर होते. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात मनमाडच्या आणि २००८ मध्ये अकोल्याच्या मार्गाचे रुंदीकरण झाले. आता रुळांतील अंतर १६७६ मिलिमीटर आहे. मुंबईला जाताना मनमाडला गाडी बदलण्याची यातायात संपली, ही सोय थोडी नव्हे. मात्र ती जुनी ठेंगणी गाडी दिसेनाशी झाली.

ती पुन्हा धावताना पाहावयाची असेल, तर ती अंगणात बांधता येते. जर्मनीतील न्युरेंबर्ग येथील लेमान कारखान्याने १९६८ मध्ये बागेत चालणाऱ्या छोट्या आगगाड्या विक्रीस आणल्या. त्यांच्या रुळांतील अंतर ४५ मिलिमीटर आणि मुख्य प्रमाण १ : २२.५ असे. एक मीटरला २२.५ ने भागले, तर उत्तर सुमारे ४४.४ मिलिमीटर येते. माप जर्मनीत ठरले खरे. पण पूर्णेच्या जुन्या गाडीला ते अंगावर बेतल्यासारखे बसते.

एकदा प्रमाण ठरले, की डबा, फलाट, सिग्नल आणि फलाटावरचा हमाल या सर्वांना त्याच संख्येने भागावे लागते. साडेएकोणीस मीटर लांबीचा डबा सुमारे ८७ सेंटिमीटरचा होतो. अडचण येते ती वळणाशी. भारतीय मीटरगेजवरील अतितीव्र वळणाची त्रिज्याही सुमारे १०९ मीटर असे. प्रतिकृतीत ती जवळजवळ पाच मीटर भरते, आणि एका पूर्ण वर्तुळालाच दहा मीटर रुंद अंगण लागते! एवढे अंगण कितीजणांना असणार? म्हणून छंदी माणसे वळण अधिक तीव्र ठेवतात आणि त्यावर आखूड डबे चालवतात. प्रमाणाशी केलेली ही तडजोड जाणत्याच्या नजरेतून सुटत नाही.

ज्यांना अंगणच नाही, त्यांनी पुण्यास कोथरूडमधील जोशी यांचे लघुरेल्वे संग्रहालय आठवावे. भाऊसाहेब जोशी यांच्या छंदातून ते उभे राहिले आणि १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झाले. तेथील गाड्या बागेतील गाड्यांहून पुष्कळ लहान आहेत. घराच्या छपराखाली असल्यामुळे त्यांना ऊन-पावसाचे भय नाही.

अंगणातील गाडीला ते भय आहे, आणि परभणीत तर विशेष आहे. येथील काळी जमीन कापसाला उत्तम. पण रुळांना वैरीण. पावसाळ्यात ती फुगते, उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. अशा मातीवर नुसते रूळ मांडले, तर एका पावसातच मार्ग वरखाली होतो. म्हणून आधी चर खणून काळी माती काढावी, मुरूम भरून तो चोपावा आणि वर बारीक खडी पसरावी. पाणी खडीतून निथळून जाते. खऱ्या लोहमार्गाखाली खडी असते, तिचे हेही एक काम आहे. चढ मात्र बेताचा ठेवावा. बोरघाटात ३७ मीटरला एक मीटर चढ आहे, आणि तेथे गाडीला मागून जादा इंजिने लावावी लागतात.

मग ऊन. बागेतील रूळ बहुधा पितळेचे असतात, कारण त्यांतूनच कमी दाबाची वीज इंजिनाला मिळते आणि पितळ लोखंडासारखे गंजत नाही. परंतु उन्हाने ते प्रसरण पावते. थंडीतील पहाटेपेक्षा वैशाखातील दुपारी रूळ तीस अंशांनी अधिक तापले, तर दहा मीटर लांबीत सुमारे ६ मिलिमीटर वाढ होते. फट न ठेवलेला मार्ग मग वाकून उचलला जातो. म्हणून प्रत्येक सांध्यापाशी बारीक फट सोडतात. तिच्यावरून चाके जाऊ लागली, की जुन्या गाडीची ती लयबद्ध खडखड अगदी हलक्या आवाजात ऐकू येते.