फाइल खरंच पोचली का?

शिक्षक मित्रांनो, निकालाची फाइल रोज रात्री दुसऱ्या संगणकावर पाठवणारी शेल स्क्रिप्ट तुम्ही लिहिलीत. शेवटी ‘फाइल पोचली’ असा संदेशही टाकलात. पण नेट मध्येच गेलं तरी तो संदेश उमटतोच! एक कमांड फसली तरी शेल पुढची ओळ चालवतं.

म्हणून आरसिंक किंवा एससीपी संपल्याबरोबर ‘$?’ तपासा. मध्ये दुसरी कमांड आली की तो आकडा बदलतो. ० म्हणजे यश, बाकी कुठलाही आकडा म्हणजे गडबड. जुन्या एफटीपीवर मात्र विसंबू नका. फाइल गेली नाही तरी तो बऱ्याचदा ० देतो. तिथे दोन्हीकडचा एसएचए-२५६ चेकसम जुळवा.

जुळला तरच मूळ फाइल पुसा. मुलांचे गुण पुन्हा कुठून आणणार?