खरोशाच्या डोंगरातील अर्धा दिवस

आमच्या वसतिगृहातील मुलामुलींना हिवाळ्यात एक सकाळ आम्ही खरोशाच्या लेण्यांत नेतो. लातूरहून औशामार्गे निलंग्याच्या रस्त्याने गेल्यास हे अंतर सुमारे ४५ किलोमीटर भरते. पहाटेची वंदना आटोपून निघावे आणि दुपारच्या जेवणाला परत यावे, एवढाच हा प्रवास. माजी विद्यार्थी, पालक व हितचिंतक यांनीही आपल्या कुटुंबासह ही सहल करावी आणि तिचा अभ्यास व्हावा, या हेतूने हा पाठ स्मरणिकेत देत आहोत. मागील सहलीत घडलेला एक प्रसंगही त्यात आहे. तो सांगणे आम्हांस सोपे नाही, परंतु तो वगळला तर पाठ अपुरा राहील.

वाट

सह्याद्रीतून फुटलेली बालाघाटची रांग आग्नेयेकडे येता येता ठेंगणी होत जाते. लातूर जिल्ह्यात तिचे डोंगर म्हणजे सपाट माथ्याच्या टेकड्या आणि लांबच लांब माळ. म्हणूनच गाडीतील लहान मुले दर वेळी विचारतात, ‘सर, डोंगर कुठे आहे?’ औशाचा भुईकोट किल्ला मागे पडतो. दोन्ही बाजूंना तुरीची काढणी चाललेली असते, ज्वारी पोटरीत आलेली असते, हरभरा फुललेला असतो. जमीन काळी असते. खरोसा जवळ येताच मात्र पायाखालची माती तांबूस दिसू लागते. येथे आम्ही गाडी थांबवतो आणि पहिला प्रश्न विचारतो : रंग का बदलला?

दगड

आपल्या भागातील मूळ खडक काळा, अग्निजन्य. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक पसरून दख्खनचे पठार तयार झाले. पुढे उष्ण व दमट हवामानात पावसाच्या पाण्याने या खडकातील विरघळणारी द्रव्ये वाहून गेली. लोह व ॲल्युमिनियमची संयुगे मागे राहिली. त्यातून तांबडा, सच्छिद्र दगड बनला. कोकणात त्यालाच जांभा म्हणतात आणि त्याचे चिरे काढून घरे बांधतात. हा दगड जमिनीत ओलसर असताना तासायला मऊ असतो. उघड्यावर हवा लागली की कठीण होतो. खरोशाची लेणी या दगडात आहेत. कारागिराला जे सोयीचे, तेच पुढे लेण्याच्या मुळावर येते. छिद्रांत पाणी मुरते, कडा झिजतात, मूर्तींचे चेहरे पुसट होतात. दगड कायमचा असतो हा समज किल्लारीच्या शेजारी राहणाऱ्या आपल्या पालकांचा तरी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे दगडमातीच्या जाड भिंती कशा कोसळल्या, हे त्यांनी पाहिले आहे.

लेणी

ही लेणी साधारणपणे सहाव्या शतकातील मानली जातात. त्यांची संख्या १२ सांगतात. जेम्स बर्जेस यांनी १८७५-७६ च्या पाहणीत, हा मुलूख निजामाच्या राज्यात असताना, धाराशिवच्या लेण्यांबरोबर यांचीही नोंद घेतली. तो अहवाल १८७८ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या लेण्यात बसलेल्या बुद्धाची मूर्ती आहे. पुढील लेण्यांत शिवलिंग, शिवपार्वती, कार्तिकेय, नरसिंह, रावण अशी शिल्पे आढळतात.

बुद्धमूर्तीसमोर मुले आपोआप हात जोडतात. तेथे आम्ही वर्षावासाची माहिती देतो. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भिक्खू चारिका थांबवून एके ठिकाणी राहत. पावसाळ्यातील या निवाऱ्यातूनच डोंगरातील विहारांची परंपरा वाढली. आपल्या भागाला ही परंपरा परकी नव्हती. तेरणेकाठचे तेर, म्हणजे प्राचीन तगर, पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासग्रंथातही नोंदलेले आहे.

याच ठिकाणी आठवीतील एका मुलाने विचारले, ‘सर, म्हणजे हा डोंगर आपलाच ना?’ त्याच्या मागून एक मुलगी म्हणाली, ‘मग पलीकडचा नरसिंह कुणाचा?’ दोन्ही प्रश्न योग्य होते. ज्या समाजाला शतकानुशतके देवळाच्या पायरीवर उभे राहू दिले नाही, त्याच्या लेकराने आपला वारसा शोधणे स्वाभाविक आहे. त्याला गप्प बसवणे आम्हांस मान्य नाही. पण वारसा शोधताना समोरची निम्मी शिल्पे नजरेआड करणे, हेही शिक्षण नव्हे. तेरचे त्रिविक्रम मंदिर मूळचे बौद्ध चैत्यगृह असल्याचे अभ्यासक मानतात. एकाच भूमीवर अनेकांचे हात लागले आहेत. धम्माला ‘एहिपस्सिको’ म्हटले आहे, म्हणजे या आणि पाहा. त्यात पाहणे आधी येते. ‘कुणाचे’ हा प्रश्न नंतरचा.

म्हणून प्रत्येकाच्या वहीत आम्ही तीन रकाने आखून घेतो : डोळ्यांना काय दिसते, त्यावरून काय समजते आणि काय विचारायचे राहिले. तिसरा रकाना ज्याचा मोठा, त्याची सहल चांगली झाली असे आम्ही समजतो.

प्रसंग

गावातील एक वृद्ध गृहस्थ दरवर्षी आम्हांस वाट दाखवतात. मुले त्यांना आजोबा म्हणतात. त्या दिवशी एका खांबाजवळ मुलांचा घोळका थांबला. खांबावर अनेक नावे, बाण आणि बदाम ओरखडलेले होते. एक मुलगी ती मोठ्याने वाचत होती. वाचता वाचता ती थांबली. तेथे आमच्या शाळेची आद्याक्षरे होती, खाली इयत्ता आणि वर्ष होते.

कोणी काही बोलेना. एका मुलाने टोकदार खडा उचलला आणि म्हणाला, ‘मी खरवडून टाकतो, सर.’ आजोबांनी त्याचा हात धरला. ‘लेकरा, खरवडलंस तर नाव जाईल खरं, पण त्याच्यासंगं दगडबी जाईल.’

मुलांनी मग आमच्याकडे पाहिले. ‘कुणी केलं असेल, सर?’ या प्रश्नाला उत्तर देणे आमचे कर्तव्य होते. त्या वर्षीची सहल आम्हीच नेली होती. त्या सहलीत आम्ही मुलांना सनावळ्या पाठ करायला लावल्या, रांगेत उभे केले, छायाचित्र काढले आणि परत आणले. हा दगड किती मऊ आहे, हे कोणालाच सांगितले नाही. नाव त्या मुलाने कोरले. चूक मात्र आमचीही होती. मुलांसमोर आम्ही तसे कबूल केले.

परतताना गाडीत बराच वेळ शांतता होती. मग ती मुलगी म्हणाली, ‘सर, मूर्ती करणाऱ्याचं नाव मी शोधलं. कुठंच नाही.’ त्या सकाळचा सारा पाठ या वाक्यात आला, असे आम्हांस वाटते.

जाणाऱ्यांसाठी

१. हिवाळ्यातील सकाळ निवडावी. ऊन तिरपे असताना झिजलेल्या शिल्पांची रेषा स्पष्ट दिसते. आत पाहण्यासाठी बॅटरी न्यावी.

२. मूर्तीला वा भिंतीला हात लावू नये. तेल, गुलाल, रंग वाहू नये. आपण श्रद्धेने लावलेल्या मेणबत्तीचीही काजळी छतावर बसते. वंदनेला जोडलेले हात पुरेत.

३. सर्व लेणी पाहावीत. केवळ आपल्या ओळखीची मूर्ती पाहून परत फिरू नये.

४. मुलांना पुढील प्रश्न द्यावेत : बुद्धमूर्तीचे हात कोणत्या मुद्रेत आहेत? कोणते शिल्प सर्वांत जास्त झिजले आहे आणि तेथे पाणी कोठून येते? काळी माती कोठे संपली?

५. आपले नाव लिहायचे असेल तर ते वहीत लिहावे.

यापुढे दर वर्षी प्रत्येक तुकडीला तो खांब दाखवायचा, असे आम्ही ठरविले आहे. ज्याने ती अक्षरे कोरली तो विद्यार्थी आज कर्ता झाला असेल. कदाचित ही स्मरणिका त्याच्या हाती असेल. त्याचे नाव आम्ही शोधले नाही आणि शोधणारही नाही. त्याला एवढीच विनंती आहे : बाळ, एका सकाळी आपल्या मुलांना घेऊन खरोशाला जा. ती अक्षरे त्यांना दाखव आणि हा दगड का झिजतो, हे तू स्वतः समजावून सांग. आमचा राहून गेलेला धडा त्या दिवशी पूर्ण होईल.