त्वचा, केस व नखें यांचे नेहमींचे विकार

माघ-फाल्गुनांत मंगळवेढ्याच्या काळ्या रानांत ज्वारीची काढणी व मळणी सुरू झाली म्हणजे घरोघरीं अंगाच्या खाजेची तक्रार ऐकूं येते. कणसांची बारीक कूस व भुसा मानेस, कोपराच्या लवणींत व कमरेस चिकटून बसतो आणि घामानें त्याची आग होते. संध्याकाळीं स्वच्छ पाण्यानें अंग धुतलें व कपडे बदलले कीं ही खाज थांबते. हिला रोग म्हणण्याचें कारण नाहीं. बांधावरील गाजरगवताची गोष्ट निराळी. हें गवत १९५५-५६ च्या सुमारास पुण्यास प्रथम नजरेस आलें व पुढें देशभर पसरलें. कित्येकांच्या त्वचेस तें सोसत नाहीं, व एकदां त्वचा बिघडली म्हणजे वाऱ्यानें उडालेल्या त्याच्या कणांनींहि तोंड, मान व पापण्या सुजतात. अशा माणसानें तें उपटावयास जाऊंच नये.

खाज हें केवळ लक्षण आहे. तिचीं कारणें अनेक असतात, व एका कारणावरील औषध दुसऱ्यावर चालत नाहीं. परंतु आमच्याकडील रीत अशी, कीं औषधाच्या दुकानांत जावें, “खाजेची ट्यूब द्या” म्हणावें, आणि मिळेल ती घरीं आणून आजोबांपासून तान्ह्या मुलापर्यंत सर्वांस लावावी. या एका ट्यूबेनें किती नुकसान होतें हें पालकांच्या ध्यानीं यावें, म्हणून हा लेख मुख्यतः लिहीत आहों.

नायटा, ज्यास कोणी गजकर्ण म्हणतात, हा बुरशीचा रोग होय. बुरशीस उष्ण व ओलसर जागा मानवते. म्हणून जांघेंत, काखेंत, व कमरेवर नाडी किंवा पट्टा जेथें घट्ट बसतो तेथें तो प्रथम दिसतो. त्याची कड उंच, लालसर व खवलेदार असते आणि मध्यभाग निवळत जातो, त्यामुळें अंगावर कडें उठल्यासारखें दिसतें. आतां बाजारांतील पुष्कळ मलमांत बुरशीनाशक औषधाबरोबर क्लोबेटासॉलसारखें जालीम स्टेरॉइड मिसळलेलें असतें. त्यानें दोन दिवसांत खाज व लाली शमते आणि रोगी आनंदतो. पण ती लाली म्हणजे बुरशीशीं चाललेल्या शरीराच्या झुंजीची खूण होती. राखणदारासच झोपविलें म्हणजे चोरास रान मोकळें! ट्यूब थांबवितांच नायटा पूर्वीहून मोठा होऊन उठतो, त्याची ओळखण्याजोगी कडहि पुसट होते, व त्वचा पातळ होऊन जांघेंत कायमचे चरे पडतात. गोरेपणासाठीं असलीं मलमें तोंडास लावणाऱ्या मुलींस पुटकुळ्या येतात, त्वचा तांबडी होते, व चेहऱ्यावर लव वाढते. भारत सरकारनें २०१८ मध्यें चौदा स्टेरॉइडांचीं मलमें डॉक्टरांच्या चिठ्ठीवांचून विकण्यास मनाई केली आहे. तरी मागणाऱ्यास तीं अद्यापि पुष्कळ ठिकाणीं मिळतात, हें सर्वांस ठाऊक आहे.

गेल्या कांहीं वर्षांत नायटा फारच हट्टी झाला आहे. त्यास कारण असणाऱ्या बुरशीचा एक नवा प्रकार जपानांतील संशोधकांनीं २०२० मध्यें ओळखून त्यास ‘ट्रायकोफायटन इंडोटिनी’ हें नांव दिलें. नांवांत आपला देश आला आहे, पण हें कांहीं भूषण नव्हे. नेहमींच्या टर्बिनाफिनच्या गोळीस ही बुरशी पुष्कळदां दाद देत नाहीं. म्हणून औषध डॉक्टरांनींच ठरवावें, तें सांगतील तितके आठवडे घ्यावें, व डाग दिसेनासा झाला म्हणून मध्येंच सोडूं नये. घरांतील ज्यांस नायटा असेल त्या सर्वांनीं एकाच वेळीं उपचार घ्यावे. नाहीं तर एकाचा बरा होतो तोंच दुसऱ्याचा त्यास लागतो. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा असावा, व आंतले कपडे उलटे करून कडक उन्हांत वाळवावे. ऊन तरी आमच्या तालुक्यांत फुकट व भरपूर आहे.

खरजेचें कारण बुरशी नसून एक किडा आहे. तो अर्ध्या मिलिमीटरहून लहान असतो व त्याची मादी त्वचेंत बीळ करून अंडीं घालते. बोटांच्या बेचक्यांत, मनगटावर, कमरेभोंवतीं पुरळ उठतें आणि रात्रीं खाज असह्य होते. पहिल्या वेळीं किडा अंगांत शिरल्यापासून खाज सुटेपर्यंत दोन ते सहा आठवडे जातात, व तेवढ्या अवधींत ती व्यक्ति दुसऱ्यास रोग देऊं शकते. यास्तव घरांतील किंवा वसतिगृहाच्या खोलींतील सर्वांनीं, खाज असो वा नसो, एकाच रात्रीं औषध लावावें. पर्मेथ्रिनचें मलम मानेपासून तळपायापर्यंत, बेचक्या व नखांखालची जागा न सोडतां, रात्रभर ठेवून सकाळीं धुवावें, व आठवड्यानें पुन्हां लावावें. लहान बाळास तें कसें लावावें हें डॉक्टरांस विचारावें. त्याच दिवशीं कपडे व पांघरुणें गरम पाण्यांत धुवावीं. तालुक्याच्या दक्षिणेकडील गांवांनीं वर्षानुवर्षें पाण्याची टंचाई सोसली आहे. तेथें गोधड्या धुण्याइतकें पाणी कोठून आणावें? अशा वेळीं त्या पिशवींत घट्ट बांधून आठवडाभर बाजूस ठेवाव्या, म्हणजे किडे उपासमारीनें मरतात. उपचारानंतरहि दोन-तीन आठवडे खाज राहते. तेवढ्यावरून औषध फुकट गेलें असें समजूं नये.

अंगावर पांढरा डाग दिसला कीं आईबापांच्या पोटांत गोळा येतो. मुलांच्या गालांवरील फिकट, किंचित् खरखरीत चट्टे बहुधां कोरड्या त्वचेचे असतात. घरीं ते जंतांचे म्हणतात, पण जंतांच्या गोळीनें ते जात नाहींत. साधें मऊ मलम लावीत गेल्यास कालांतरानें जातात. पाठीवर व छातीवर घामानें पसरतात तीं शिबें. तीहि एक बुरशीच. कोड दुधासारखें शुभ्र असतें. तें स्पर्शानें लागत नाहीं व त्याचा कुष्ठरोगाशीं कांहीं संबंध नाहीं. कोड असलेल्या मुलास वेगळ्या बाकावर बसविणें हा निव्वळ अन्याय होय. मात्र फिकट वा तांबूस डागावर टांचणी, कापूस किंवा ऊन-थंड यांची जाणीव होत नसेल, तर तो कुष्ठरोगाचा असूं शकतो, व मग एक दिवसहि दडवूं नये. या रोगाचा जंतु हॅन्सेन यांनीं १८७३ त शोधला. १९८२ पासून एकत्रित औषधांची पद्धति सुरू आहे. रोगाच्या प्रकाराप्रमाणें सहा किंवा बारा महिने गोळ्या घेतल्यानें तो पूर्ण बरा होतो, व सरकारी दवाखान्यांत त्या मोफत मिळतात. उशीर केला तर मात्र बधिर झालेल्या हातापायांचें व्यंग गोळ्यांनीं भरून येत नाहीं.

केसांचे विकारहि असेच फसवे असतात. डोक्यांत खवडे होऊन केस तुटूं लागले तर वरचें मलम केसांच्या मुळापर्यंत पोंचत नाहीं. पोटांत औषध घ्यावें लागतें. चाईंत गुळगुळीत वाटोळी जागा उघडी पडते. किडा केस खातो ही समजूत खोटी आहे; शरीराची संरक्षक शक्तिच चुकून केसांच्या मुळांवर उलटते, व पुष्कळांचे केस वर्षाच्या आंत परत येतात. उवांवर रॉकेल कदापि ओतूं नये. औषध लावून फणीनें विंचरावें, व लिखा फुटून नव्या उवा बाहेर येतात म्हणून आठवड्या-दहा दिवसांनीं तेंच पुन्हां करावें.

कधीं कधीं रोगाचें मूळ डोक्यांत नसून ताटांत असतें. २०२४ च्या अखेरीस व २०२५ च्या आरंभीं बुलढाणा जिल्ह्यांतील शेगांव तालुक्याच्या कांहीं गांवांत लहानथोरांचे केस अवघ्या कांहीं दिवसांत गळून टक्कल पडलें. प्रथम पाण्यावर व शांपूवर संशय गेला. भारतीय वैद्यक संशोधन परिषदेचें पथक तेथें आलें. विंचूदंशावरील संशोधनाकरितां प्रसिद्ध असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावसकर यांनीं रोग्यांचें रक्त, लघवी व केस तपासून सेलेनियम या द्रव्याचें प्रमाण फार वाढल्याचें दाखविलें, व खाण्यांतील गव्हाकडे बोट केलें. कांहीं महिन्यांनीं त्याच गांवांत नखेंहि गळूं लागल्याच्या वार्ता आल्या. केस व नख एकाच द्रव्याचीं, केराटिनाचीं, बनलेलीं असल्यामुळें एकाचें दुखणें दुसऱ्यावर उमटावें यांत नवल नाहीं.

नखांवरील पांढरे ठिपके बहुधां किरकोळ माराचे असतात. त्यांवरून कॅल्शियमच्या गोळ्या आणूं नयेत. पण नखें चमच्याप्रमाणें खोलगट होत असतील तर रक्तांत लोह कमी पडल्याची ती खूण असूं शकते. आमच्या मुलींत हें दुर्मिळ नाहीं, तेव्हां रक्त तपासून घ्यावें. नखुरड्यांत बोट लिंबांत खुपसून ठेवण्यापेक्षां कोमट पाण्यांत शेकावें, व पू झाला असल्यास घरीं सुई न खुपसतां तो डॉक्टरांकडून काढवावा. नखास बुरशी लागून तें जाड व पिंवळें झालें तर औषध महिनोगणती चालतें. हाताचें नख महिन्यास सुमारें तीन मिलिमीटर व पायाचें त्याच्या निम्म्याहूनहि कमी वाढतें; बिघडलेला भाग पुढें सरकून कापला जाईपर्यंत पायाच्या अंगठ्यास वर्ष-दीड वर्ष सहज लागतें.