धैर्याची शस्त्रक्रिया

आज पोटावरील शस्त्रक्रिया ही रुग्णालयांतील नित्याची गोष्ट झाली आहे. दोनशे वर्षांपूर्वी मात्र जिवंत माणसाचे उदर उघडणे म्हणजे त्याला मृत्यूच्या स्वाधीन करणे होय, असे मोठमोठे वैद्य मानीत. हा समज खोटा ठरविणाऱ्यांत अमेरिकेतील डॉ. एफ्राइम मॅक्डॉवेल हे अग्रणी होत.

त्यांचा जन्म १७७१ साली व्हर्जिनियात झाला. एडिंबरो येथे शिक्षण घेऊन ते केंटकी राज्यातील डॅनव्हिल या लहानशा गावी वैद्यकी करू लागले.

१८०९ सालच्या डिसेंबरात त्यांना दूरच्या एका खेड्यातून बोलावणे आले. जेन टॉड क्रॉफर्ड नावाच्या स्त्रीचे उदर अतिशय वाढले होते. ती गर्भवती आहे, असे इतर वैद्यांचे मत होते. मॅक्डॉवेल यांनी ओळखले की, ही अंडाशयाची गाठ आहे. त्यांनी तिच्यापासून काहीही लपविले नाही. हा केवळ एक प्रयोग आहे आणि त्यात प्राण जाण्याचा धोका मोठा आहे, हे त्यांनी तिला स्पष्ट सांगितले. तरीही त्या धीराच्या स्त्रीने संमती दिली आणि ऐन हिवाळ्यात घोड्यावर बसून साठ मैलांचा प्रवास करून ती डॅनव्हिलला आली.

तेव्हा भूल देण्याची विद्या उदयास आली नव्हती. ईथरचा यशस्वी जाहीर प्रयोग झाला, तो पुढे १८४६ साली. जंतुनाशक शस्त्रक्रियेची लिस्टरची पद्धतीही अजून अज्ञात होती. असह्य वेदना सोसताना ती बाई प्रार्थनागीते म्हणत राहिली. पंचवीस मिनिटांत डॉक्टरांनी सुमारे दहा किलो वजनाची गाठ बाहेर काढली. पाचव्या दिवशी ते पाहतात तो रुग्ण स्वतःच आपले अंथरूण आवरीत आहे! पंचविसाव्या दिवशी ती घरी परतली आणि त्यानंतर बत्तीस वर्षे जगली.

मॅक्डॉवेल यांनी यशाचा डांगोरा पिटला नाही. अशा आणखी दोन शस्त्रक्रिया केल्यावर, १८१७ साली त्यांनी आपला वृत्तांत प्रसिद्ध केला. अनेकांनी तो अविश्वसनीय ठरविला. परंतु पुढे लंडनमधील एका टीकाकार संपादकाने आपली चूक जाहीरपणे कबूल केली. १८३० साली मॅक्डॉवेल निवर्तले.

शस्त्र चालविणाऱ्या हाताचे कौशल्य थोर खरेच. पण रुग्णाला सत्य सांगणारी वाणी आणि ते ऐकूनही न डगमगणारे मन, ही दोन्ही तितकीच थोर नव्हेत काय?