प्रमाणपत्र टिकविण्याचा खर्च : हिरडा व बेहडा यांच्या निमित्ताने

शाश्वत संकलनाचे प्रमाणपत्र एकदा मिळविणे कठीण असते. परंतु ते वर्षानुवर्षे टिकविणे त्याहून कठीण असते. शिरूर किंवा दौंड येथील औषधालयाच्या मालकास हा प्रश्न दोन बाजूंनी भेटतो : कच्चे द्रव्य विकत घेताना, आणि आपल्या तयार औषधासाठी असे चिन्ह घ्यावे की नाही हे ठरविताना. प्रस्तुत लेखात मुख्यतः पहिल्या बाजूचा विचार केला आहे, कारण दुसरीचे उत्तर बहुतांशी तीतच सापडते.

प्रथम एक गल्लत दूर केली पाहिजे. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतील अनुसूची 'टी' २००० साली आली आणि उत्तम निर्माण पद्धती आयुर्वेदीय कारखान्यांस बंधनकारक झाली. पुढे २००९ मध्ये भारतीय गुणवत्ता परिषदेने ऐच्छिक आयुष चिन्ह सुरू केले. ही दोन्ही प्रमाणपत्रे कारखान्याची स्वच्छता, नोंदी व मालाची गुणवत्ता यांविषयी बोलतात. हिरडा कोणत्या डोंगरावरून आला, झाडावर किती फळ राखले, वेचणाऱ्यास काय मिळाले, हे त्यांवरून कळत नाही. चरकसंहितेच्या कल्पस्थानात देश, काल, गुण व भाजन यांचा विचार आहे. शाश्वत संकलनाचे प्रमाणपत्र त्यात वनाच्या व वेचणाऱ्याच्या हिताची भर घालते.

याचे आपल्याजवळचे उदाहरण सह्याद्रीतच आहे. शिरूरजवळून वाहणारी घोड आणि दौंडजवळून वाहणारी भीमा या दोन्ही नद्या सह्याद्रीच्या एकाच रांगेत उगम पावतात. त्या भीमाशंकर परिसरातील महादेव कोळी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या हिरडा वेचीत आली आहेत. पुण्याच्या 'अ‍ॅप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशन' या संस्थेने उत्तर सह्याद्रीतील हिरडा व बेहडा यांच्या संकलनास 'फेअरवाइल्ड' या आंतरराष्ट्रीय मानकाचे प्रमाणपत्र २०१५ साली मिळवून दिले. ब्रिटनमधील 'पुक्का हर्ब्ज' ही कंपनी त्या मालाची ग्राहक होती. बेहड्याच्या जुन्या वृक्षांच्या ढोलीत धनेश पक्षी घरटे करतो. तो वृक्ष लाकडासाठी तोडण्यापेक्षा उभा ठेवणे मालकास परवडावे, हाही त्या खटाटोपाचा हेतू होता.

आता खर्च पाहू. तपासनिसाचे शुल्क व त्याचा प्रवास हा डोळ्यांना दिसणारा भाग. त्याखाली न दिसणारा भाग मोठा असतो : झाडांची गणना व नकाशा, किती फळ वेचावे याची मर्यादा ठरविणे, प्रत्येक वेचणाऱ्याचे नाव नोंदवहीत असणे, हंगामापूर्वी प्रशिक्षण, प्रमाणित माल वेगळा वाळविणे व वेगळ्या पोत्यांत साठविणे, प्रत्येक खेपेची पावती जपणे, आणि भावावर अधिमूल्य देऊन वेचणाऱ्यांच्या सामाईक कामासाठी निधी उभा करणे. यांतील पुष्कळसे काम पगारी कारकून नसलेल्या गावात करावयाचे असते. शिवाय पीक बुडाले म्हणून हा खर्च बुडत नाही. जून २०२० मधील निसर्ग चक्रीवादळात जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत हिरड्याची झाडे उन्मळून पडली. अशा वर्षी फळ कमी आले तरी नोंदी व तपासणी चुकत नाहीत. किंबहुना झाडांची गणना नव्याने करावी लागते.

केवळ हिशेबाच्या सोयीसाठी असे धरू की, एका गटास प्रमाणपत्र टिकविण्यास वर्षाला दीड लाख रुपये लागतात. तीन हजार किलो माल विकला गेला तर किलोमागे ५० रुपये बोजा पडतो. तीस हजार किलो विकला गेला तर केवळ ५ रुपये. माल प्रमाणित असूनही ग्राहकाअभावी साध्या भावाने विकावा लागला, तर सारा खर्च वेचणाऱ्याच्या माथी येतो आणि दोन-तीन वर्षांत प्रमाणपत्र सोडून द्यावे लागते.

हाच बोजा रुग्णाच्या पातळीवर मोजून पाहावा. रोज ५ ग्रॅम त्रिफळा चूर्ण म्हणजे महिन्याला १५० ग्रॅम. त्यात समभाग घेतल्यास हिरडा व बेहडा मिळून १०० ग्रॅम. बी काढून निम्मा माल हाती येतो असे धरले तर २०० ग्रॅम फळ लागेल. किलोमागे ५० रुपये जादा दिले तरी रुग्णाचा महिन्याचा खर्च १० रुपयांनी वाढतो, आणि ५ रुपये दिले तर एका रुपयाने. ब्रिटनमधील चहा पिणारा हे मोजतो आणि भीमेच्या काठचा वैद्य मोजत नाही, ही स्थिती प्रस्तुत लेखकास फारशी भूषणावह वाटत नाही.

अर्थात प्रत्येक लहान औषधालयाने स्वतःचे प्रमाणपत्र घ्यावे असे येथे सुचवावयाचे नाही. वर्षाला दोन-चार पोती हिरडा लागणाऱ्यास तो शुद्ध तोटा आहे. त्याने प्रमाणित माल इतरांबरोबर एकत्र खरेदी करावा. खरेदी करताना प्रमाणपत्रावरील द्रव्याचे नाव, संकलनाचे क्षेत्र व मुदत पाहावी; सेंद्रिय मालाबाबत त्या विशिष्ट खेपेचे व्यवहार प्रमाणपत्र मागावे, भिंतीवर लावलेल्या चौकटीवर समाधान मानू नये. स्वतःच्या रुग्णांपुरतीच औषधे करणारे नोंदणीकृत वैद्य अनुसूची 'टी'मधून मुक्त आहेत. त्यांच्याकडे तपासनीस येत नाही, म्हणून द्रव्य कोठून आले हे विचारणारे ते स्वतःच.

गुळाचा प्रश्न थोडा निराळा आहे. आसवारिष्टांसाठी लागणारा गूळ दौंड तालुक्यातील गुऱ्हाळांत तयार होतो. तेथे ऊस उत्पादकांचा गट 'पीजीएस इंडिया' या सहभागी हमी पद्धतीत येऊ शकतो. तीत शेतकरी परस्परांची शेते तपासतात, त्यामुळे बाहेरच्या तपासनिसाचे मोठे शुल्क वाचते. निर्यातीस मात्र ती पुरत नाही. तेथे २००१ पासूनची राष्ट्रीय सेंद्रिय उत्पादन कार्यक्रमाची तपासणीच लागते. रूपांतराच्या दोन-तीन वर्षांत उत्पादन घटते व भावही साधाच मिळतो. त्या काळात निश्चित खरेदीचे लेखी आश्वासन देणारा औषध निर्माता भेटला तरच गट टिकतो.

हिरड्याबाबतही तेच. पक्व फळ हिवाळ्याअखेर आणि बाळहिरडा उन्हाळ्यात जमा होतो. शिरूर व दौंड येथील पाच-सहा औषधालयांनी मागणीची एकत्रित यादी व काही आगाऊ रक्कम दिवाळीच्या सुमारास संकलन गटाकडे पोहोचविली, तर गटास तपासणीचे शुल्क भरण्यापूर्वीच आपला किती माल प्रमाणित भावाने जाईल हे कळेल.