कपाशीचा ताण उतरतो कसा?

प्रश्न : पावसाच्या खंडात मान टाकलेली कपाशी पाऊस येताच कशी सावरते? (एक वाचक, अकोला)

उत्तर : पाने ताठ होतात ती पेशींत शिरलेल्या पाण्याच्या दाबाने, पण ताण उतरणे ही वेगळी, थोडी मागाहून घडणारी क्रिया आहे. वऱ्हाडातील काळ्या जमिनीची ओल ओसरली की पेशी अॅब्सिसिक आम्ल हे संप्रेरक, म्हणजे निरोप पोचवणारे रसायन, वाढवतात आणि पर्णरंध्रे, अर्थात बाष्प सोडणारी पानांवरची सूक्ष्म छिद्रे, मिटतात. हा निरोप मोडावा लागतो : हायड्रॉक्सिलेज हे विकर, म्हणजे रासायनिक क्रियेला वेग देणारे प्रथिन, त्या रेणूला ऑक्सिजन जोडते, त्यातून बऱ्याच अंशी निष्प्रभ असे फॅसिक आम्ल बनते आणि रंध्रे उघडू लागतात. खंडानंतरच्या मुसळधार पावसात पाणी साचून झाड एकाएकी सुकले, तर मात्र ती ‘आकस्मिक मर’ असू शकते. तिथे मुळांना हवाच मिळत नाही, म्हणून आधी चर काढून पाणी वाहते करावे.