चार विसा आणि सात

प्रश्न : लिंकनच्या गेटिसबर्गच्या भाषणाच्या सुरुवातीला ‘चार विसा आणि सात वर्षे’ असा हिशेब येतो. आमची आजी वय ‘चार इसा’ सांगायची. दोन्ही एकच का? – एक वाचक, कळंब, जि. धाराशिव

उत्तर : हो, मोजणी तीच. विसा म्हणजे वीस; चार विसा ८० आणि वर सात, म्हणजे ८७. भाषण १९ नोव्हेंबर १८६३चे, त्यातून ८७ वजा केले की १७७६ येते, अमेरिकेच्या स्वातंत्र्यघोषणेचे साल. मजा अशी, की १८६३मध्येच ७ जुलैला लिंकन सहज बोलताना ‘ऐंशीएक वर्षे’ एवढेच म्हणाले होते. नोव्हेंबरात मात्र समोर सैनिकांची दफनभूमी होती. तिथे त्यांनी बायबलच्या जुन्या इंग्रजी भाषांतरातली भारदस्त मोजणी घेतली. त्यात माणसाचे आयुष्य तीन विसा आणि दहा वर्षांचे सांगितले आहे.

आपल्याकडे विसाची मोजणी शेतातली आणि बाजारातली. वीस मणांची खंडी, वीस पांडांचा बिघा. आजीचा हिशेब याच घरचा, आणि तो पक्का आहे. मुलांना तो जरूर शिकवा. फ्रेंच लोक तर आजही ऐंशीला ‘चार विसा’च म्हणतात.